बांध, तराजू आणि जीभ

१. म्हणींचे पुस्तक

आपल्या गावातली जुनी माणसे थोडक्यात बोलतात. कोणी ऐपतीबाहेर खर्च करू लागला, की आजी म्हणते, "बाबा, अंथरूण पाहून पाय पसरावे." एवढेच बोलते आणि आपल्या कामाला लागते. पण ते बोलणे मनात राहते.

ह्याला आपण म्हण म्हणतो. म्हण लहान असते, पण तिच्यामागे पुष्कळ माणसांचा अनुभव असतो. कितीतरी लोक कर्जात बुडाले असतील, तेव्हा कुठे ही एक म्हण तयार झाली.

बायबलात अशाच म्हणींचे एक पुस्तक आहे. त्याचे नाव 'नीतिसूत्रे'. सूत्र म्हणजे थोड्या शब्दांत सांगितलेली मोठी गोष्ट. ह्या पुस्तकात ३१ अध्याय आहेत. ते मूळ इब्री भाषेत, म्हणजे यहूदी लोकांच्या जुन्या भाषेत लिहिलेले आहे.

हे पुस्तक कोणी लिहिले? पुस्तकाच्या आरंभी शलमोन राजाचे नाव आहे. हा दावीद राजाचा मुलगा. शहाणा राजा म्हणून त्याची कीर्ती होती. पण सगळे पुस्तक एकट्याचे नाही. हिज्कीया राजाच्या माणसांनी जुनी सूत्रे उतरून घेतली, असे २५ व्या अध्यायात लिहिले आहे. हिज्कीया राजा होऊन आता सुमारे २७०० वर्षे झाली. ३० वा अध्याय आगूर नावाच्या माणसाचा आहे. ३१ व्या अध्यायात लमुएल राजाला त्याच्या आईने दिलेला उपदेश आहे. म्हणजे पहा, राजा, राजाचे कारकून आणि एक आई, अशा अनेकांचे शहाणपण ह्या पुस्तकात एकत्र आले आहे.

आणखी एक गंमत आहे. मिसर देशात आमेनेमोपे नावाच्या एका माणसाचा उपदेश फार जुन्या काळी लिहून ठेवलेला होता. तो कागद आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. १९२४ साली अ‍ॅडॉल्फ एर्मान नावाच्या जर्मन पंडिताने दाखवून दिले, की नीतिसूत्रांच्या २२ व्या आणि २३ व्या अध्यायांतील पुष्कळ गोष्टी त्या उपदेशाशी जुळतात. शेजारच्या देशातले चांगले बोलणे घ्यायला त्या लोकांना कमीपणा वाटला नाही. आपणही हे लक्षात ठेवावे. शहाणपण कोणत्याही घरचे असो, ते घ्यावे.

२. हे पुस्तक कशाविषयी बोलते?

काही लोकांना वाटते, धर्म म्हणजे रविवारचे काम. रविवारी धुतलेले कपडे घालावे, देवळात जावे, गीते गावी, प्रार्थना करावी. सोमवारी बाजारात गेलो, की तिथले नियम निराळे.

नीतिसूत्रांना हे मान्य नाही. हे पुस्तक शेताच्या बांधाविषयी बोलते. तराजूविषयी बोलते. उसनवारी, जामीनकी, दारू, चहाडी, भांडण, मजुरी, गुरेढोरे, मुंगी ह्यांविषयी बोलते. चांगला माणूस आपल्या जनावराच्या जिवाचीही काळजी घेतो, असे १२ व्या अध्यायात सांगितले आहे. म्हणजे थकलेल्या बैलाला आधी पाणी पाजणे हेसुद्धा देवाच्या इच्छेप्रमाणे वागणेच झाले!

ह्या साऱ्याचा पाया पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. शहाणपणाची सुरुवात देवाचे भय धरण्यापासून होते, असे तिथे म्हटले आहे. भय म्हणजे थरथर कापणे नव्हे. देव पाहतो आहे हे ओळखून वागणे. कोणी माणूस पाहत नसला, तरी नीट वागणे.

३. बांध

शेताचा बांध हा आपल्याकडे किती भांडणांचे मूळ आहे, हे तुम्हांला सांगायला नको. एक जण दर वर्षी नांगरताना वीतभर बांध कोरतो. दुसऱ्याच्या ते ध्यानात येते. मग शिव्या, मग काठ्या, मग कोर्ट. वीतभर जमिनीपायी एकरभर जमीन विकावी लागते.

त्या काळी यहूदी लोकांच्या शेतांना हद्दीचे दगड असत. दगड रात्रीतून सरकवला, की जमीन बळकावता येई. नीतिसूत्रांत दोनदा सांगितले आहे, की हे जुने दगड हलवू नका. एकदा २२ व्या अध्यायात आणि एकदा २३ व्या अध्यायात.

२३ व्या अध्यायात तर पोरक्या मुलांच्या शेताचे नावच घेतले आहे. का बरे? कारण ज्याचा बाप जिवंत आहे, त्याचा बांध कोरायला माणूस भितो. ज्याच्या पाठीशी कोणी नाही, त्याच्या शेतात तो खुशाल शिरतो. बाप मेलेली पोरे, नवरा मेलेली बाई, पोटासाठी शहरात गेलेला भाऊ, ह्यांची जमीन आधी खाल्ली जाते.

त्या लोकांत एक रीत होती. एखाद्याची जमीन गेली, तर जवळच्या नातलगाने ती सोडवून घ्यायची. अशा नातलगाला उद्धारक म्हणत. हे पुस्तक सांगते, की पोरक्यांचा उद्धारक बलवान आहे. तो त्यांची बाजू घेऊन उभा राहील. हा उद्धारक म्हणजे खुद्द देव. पोरक्यांचा बांध कोरणाऱ्याची गाठ देवाशी आहे.

मग आपण काय करावे? हद्दीची शंका असली, तर काठी उचलू नये. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्यावा. आता तुम्हांला वाचता येते. आपला सात-बारा स्वतः वाचावा. आणि शेजारणीला वाचता येत नसेल, तर तिचाही वाचून दाखवावा. जसा आहे तसा वाचावा.

४. तराजू

त्या काळी वजने दगडाची असत. व्यापारी ती पिशवीत घालून हिंडत. यहूदा देशात अशी पुष्कळ दगडी वजने जमिनीत सापडली आहेत. एका शेकेलाचे वजन सुमारे ११ ग्रॅम भरते. काही वजनांवर खुणा कोरलेल्या आहेत.

लबाड व्यापारी पिशवीत दोन प्रकारचे दगड ठेवी. घेताना जड, देताना हलका. नीतिसूत्रांत ह्या लबाडीची निंदा अनेकदा केली आहे. ११ व्या अध्यायात आहे, २० व्या अध्यायात तर दोनदा आहे. देवाला खोट्या काट्याची किळस येते, असे ते पुस्तक म्हणते.

आज दगड गेले आणि विजेचे काटे आले. पण 'काटा मारणे' हा शब्द काही गेला नाही. धान्याच्या काट्यावर, उसाच्या काट्यावर, दुधाच्या मापावर शेतकरी अजून डोळा ठेवून असतो.

पण पहा हं, हे पुस्तक एकट्या व्यापाऱ्याला बोलत नाही. २० व्या अध्यायात गिऱ्हाइकाचीही गंमत केली आहे. गिऱ्हाईक दुकानात मालाला नावे ठेवते. "छे, हे काही खरे नाही," म्हणते. भाव पाडून घेते. घरी जाताना मात्र, काय स्वस्तात मिळवले, म्हणून मिरवते. वाचताना हसू येते. कारण बैलबाजारात हे आपण सगळ्यांनी केलेले असते!

दुधात पाणी घालणारा, ओला कापूस विकणारा आणि काटा मारणारा, तिघे एकाच माळेचे मणी. "त्याने मला फसवले, म्हणून मी दुसऱ्याला फसवतो," हा हिशेब देवापुढे चालत नाही.

५. सही करण्यापूर्वी

समजा, तुमचा एक स्नेही येतो. म्हणतो, "दादा, मी कर्ज काढतोय. तुम्ही नुसती जामीनकीची सही करा. पैसे मीच फेडणार."

आता काय करावे? ख्रिस्ती माणसाने शेजाऱ्यावर प्रीती करावी, हे खरे. नाही म्हटले तर स्नेही रागावेल. हो म्हटले तर?

६ व्या अध्यायात जामीन राहणाऱ्याला अगदी कळकळीने बजावले आहे. तू आपल्याच बोलण्याने फासात सापडला आहेस. झोपू नकोस. शिकाऱ्याच्या हातून हरिण सुटते तसा सुटून जा. अशा अर्थाचे ते बोलणे आहे.

आपल्या देशाचा १८७२ चा करार कायदा काय म्हणतो तेही पहा. करारात निराळे काही ठरले नसेल, तर जितकी जबाबदारी मूळ कर्जदाराची, तितकीच जामिनाची. म्हणजे 'नुसती सही' असे काही नसते. त्याने पैसे बुडवले, तर वसुली तुमच्या दारात येऊ शकते. तुमची बैलजोडी, तुमच्या मुलांचे दाणे त्यात जाऊ शकतात.

मग शेजाऱ्याला मदत करायचीच नाही का? तसे नाही. ह्याच पुस्तकाचा ३ रा अध्याय उघडा. देण्याजोगे हातात असताना शेजाऱ्याला 'उद्या ये' म्हणू नये, असे तिथे सांगितले आहे. दोन्ही गोष्टी एकत्र वाचा. जे आपल्याजवळ आहे, ते आज द्या. जे आपल्याजवळ नाही, त्याचे वचन देऊ नका. स्नेह्याला सांगा, "दादा, ही सही मला झेपणार नाही. पण घरात दोन पोती ज्वारी आहे. त्यातले एक घेऊन जा." हा खरा आधार झाला.

'उद्या ये' हे बोलणे मजुरीलाही लागू आहे. दिवसभर खुरपलेल्या बाईला संध्याकाळी रिकाम्या हाताने पाठवणे म्हणजे तिची चूल विझवणे. मजुराचे पैसे सूर्य मावळण्यापूर्वी द्यावे, असा मोशेच्या नियमशास्त्रातही नियम आहे.

आजवर पुष्कळांनी न वाचता अंगठे उठवले आणि जमिनी घालवल्या. तुम्ही आता सही करता. पण न वाचता केलेली सही आणि अंगठा ह्यांत काय फरक आहे?

६. जीभ

घर जसे आगीने जळते, तसे जिभेनेही जळते. नीतिसूत्रांत जिभेविषयी जितके सांगितले आहे, तितके थोड्याच गोष्टींविषयी सांगितले असेल.

१५ व्या अध्यायात म्हटले आहे, की मऊ उत्तराने राग शांत होतो आणि कठोर शब्दाने तो भडकतो. १७ व्या अध्यायात भांडणाला फुटलेल्या पाण्याची उपमा दिली आहे. पाट फुटला तेव्हा पहिल्यांदा बोटभर पाणी निघते. तेव्हाच मूठभर माती लावली, तर थांबते. घटकाभर गेल्यावर टोपलीभर मातीही वाहून जाते. भांडणही बोटभर असतानाच थांबवावे.

२६ व्या अध्यायात चहाडीविषयी सांगितले आहे. लाकडे सरली, की आग विझते. चहाडखोर गप्प बसला, की तंटा मिटतो. कोणी म्हणेल, "मी काय केलं? मी नुसतं ह्याचं त्याला सांगितलं." अहो, तेच तर लाकूड!

आणि १८ व्या अध्यायातील एक सूत्र पंचांनी तर पाठच करावे. जो आधी येऊन आपली बाजू मांडतो, तोच खरा वाटतो. मग दुसरा येतो आणि विचारपूस करतो, तेव्हा खरे काय ते कळते. म्हणून सासूचे ऐकले, तर सुनेचेही ऐका. मालकाचे ऐकले, तर गड्याचेही ऐका. एकाच बाजूने निकाल देऊ नका.

७. बाटली

२३ व्या अध्यायाच्या शेवटी दारुड्याचे चित्र आहे. डोळे लाल. अंगावर विनाकारण झालेल्या जखमा. भर समुद्रात डोलकाठीच्या टोकावर निजलेल्या माणसासारखा तो हेलकावे खातो. त्याला कोणी मारले, तरी कळत नाही. आणि शुद्धीवर येताच पहिला विचार कोणता? पुन्हा पिण्याचा!

दारूने माणूस कसा बांधला जातो, हे त्या जुन्या माणसांनी किती अचूक पाहिले होते! आज डॉक्टर सांगतात, की दारूचे व्यसन हा एक आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. म्हणून घरात कोणी असा असेल, तर लाजेने झाकून ठेवू नका. त्याला दवाखान्यात न्या.

लमुएलाची आई आपल्या मुलाला सांगते, की राजाने दारूच्या नादी लागू नये. कारण मग तो कायदा विसरेल आणि गरिबांचा न्याय बुडवेल. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठले राजे? पण घरातला कर्ता माणूस प्याला, तर मुलांच्या वह्यापुस्तकांचा न्याय बुडतोच ना?

८. सूत्र कसे वाचावे?

म्हण खरी असते, पण ती ओळखून वापरावी लागते. आपणच म्हणतो, 'पाचामुखी परमेश्वर.' आणि आपणच म्हणतो, 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे.' ह्यांतली खोटी कोणती? दोन्ही खऱ्या. वेळ पाहून वापराव्या.

नीतिसूत्रांतही असे आहे. २६ व्या अध्यायात एका ओळीत म्हटले आहे, की मूर्खाला त्याच्यासारखे उत्तर देऊ नये. लगेच पुढच्या ओळीत म्हटले आहे, की द्यावे! ही लिहिणाऱ्याची चूक नाही. कधी गप्प बसावे आणि कधी बोलावे, हे तुम्हीच ओळखा, असे ते पुस्तक सांगते.

म्हणून एकच सूत्र घेऊन ते दुसऱ्याच्या डोक्यात मारू नये. ह्या पुस्तकात आळशाला मुंगीकडे पाहायला सांगितले आहे. मुंगीवर मुकादम नसतो, तरी ती सुगीत दाणे साठवते. हे खरे. पण त्यावरून 'गरीब तो आळशी' असे म्हणणे खोटे आहे. १३ व्या अध्यायातच लिहिले आहे, की गरिबाच्या शेतात पुष्कळ पिकते, पण अन्यायाने ते हिरावले जाते. कोरडवाहू शेतात राबणारा माणूस आळशी नसतो. पाऊस दगा देतो, भाव दगा देतो. बायबलात ईयोबाची गोष्ट आहे. तो नीतिमान होता, तरी त्याच्यावर दुःख कोसळले. 'तुझेच काही पाप असेल,' म्हणणाऱ्या त्याच्या मित्रांना देवाने दोष दिला.

मुलांना छडी मारण्याविषयीही ह्या पुस्तकात लिहिले आहे. तो त्या काळचा रिवाज होता. मुलाला वळण लावावे, त्याला वाऱ्यावर सोडू नये, हा त्यातला मुद्दा आजही खरा आहे. पण मारल्याने मूल सुधारत नाही, ते भिते. आपल्या देशात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे. आणि येशूने लेकरांना जवळ घेतले, हे ख्रिस्ती आईबापांनी विसरू नये.

येशूला ही सूत्रे ठाऊक होती. राजापुढे मोठ्यांच्या जागी जाऊन बसू नको, असे २५ व्या अध्यायात आहे. तोच धडा येशूने मेजवानीच्या दाखल्यात दिला. तो लूकच्या १४ व्या अध्यायात वाचायला मिळतो. वैरी भुकेला असेल तर त्याला खाऊ घाल, हे २५ व्या अध्यायातील सूत्र पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात घेतले आहे.

९. एका बाईची मुळाक्षरे

पुस्तकाचा शेवट फार सुंदर आहे. ३१ व्या अध्यायात एका कर्त्या बाईचे गुण २२ ओळींत सांगितले आहेत. इब्री भाषेत २२ अक्षरे आहेत. प्रत्येक ओळ पुढच्या पुढच्या अक्षराने सुरू होते. जणू अ, आ, इ, ई!

ही बाई लोकर कातते, पहाटे उठते. एवढेच नव्हे, ती शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, विणलेला माल विकते. गरिबाला हात देते. ती शहाणपणाने बोलते. आणि शेवटी सांगितले आहे, की तिच्या कष्टाचा वाटा तिला मिळावा आणि चारचौघांत तिचे नाव निघावे. पुरुषमंडळी, ही ओळ आपल्यासाठी आहे. बाईचे कष्ट हवे आणि सात-बाऱ्यावर नाव नको, असे कसे चालेल?

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाई होऊन गेल्या. त्यांचा जन्म १८५८ सालचा. पुणे जिल्ह्यात केडगाव येथे त्यांनी निराधार स्त्रियांसाठी मुक्ती मिशन काढले. साध्या बायकांनाही समजावे, म्हणून त्यांनी बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्यासाठी उतारवयात त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवण्याचे आणि छापण्याचे काम मुक्तीमधल्या बायकांनी केले. १९२२ साली रमाबाई वारल्या. त्यापूर्वी त्यांनी भाषांतराचे काम पुरे केले होते. शिकायला वय आड येत नाही, हे त्यांच्याकडून घ्यावे.

१०. आजपासून

ह्या पुस्तकाचे अध्याय ३१. महिन्याचे दिवसही फार तर ३१. म्हणून पुष्कळ लोक रोज तारखेप्रमाणे एक अध्याय वाचतात. तुमचे वाचन अजून सावकाश होत असेल, तर घाई नको. रोज एकच सूत्र वाचा. बोट ठेवून वाचा. जेवणानंतर घरातल्यांना मोठ्याने वाचून दाखवा. मग विचारा, "आज आपल्या घरात हे कुठे लागू पडतं?" आजीला बोलू द्या. मुलांना बोलू द्या.

आगूरने देवापाशी एक मागणे केले आहे. ते ३० व्या अध्यायात आहे. मला दारिद्र्य देऊ नको आणि श्रीमंतीही देऊ नको, पुरेसे अन्न दे. फार झाले, तर मी तुला विसरेन. फार कमी पडले, तर चोरी करीन. अशा अर्थाचे ते मागणे आहे. आज रात्री दिवा मालवण्यापूर्वी तो अध्याय काढून ते मागणे स्वतः वाचा.

आता सांगा पाहू

१. हद्दीच्या दगडाविषयी बोलताना पोरक्या मुलांचे नाव का घेतले आहे?
२. जामीनकीची सही करण्यापूर्वी कोणत्या गोष्टी पाहाव्या?
३. 'गरीब तो आळशी' असे कोणी म्हणाले, तर तुम्ही काय उत्तर द्याल?
४. भांडणाला फुटलेल्या पाण्याची उपमा का दिली आहे?
५. तुमच्या घरातली एक म्हण वहीत लिहा. ती केव्हा खरी ठरते आणि केव्हा ठरत नाही, तेही लिहा.